जीवाणूंची पृष्ठप्रथिने व जैवपटल

जीवाणूंची पृष्ठप्रथिने म्हणजे जीवाणूपेशीच्या बाह्य पृष्ठभागावर असणारी प्रथिने होत. एखाद्या पृष्ठभागाला चिकटणे, शेजारच्या पेशींशी जोडले जाणे आणि पेशींभोवतीच्या चिकट द्रव्याला बळकटी देणे ही त्यांची महत्त्वाची कार्ये आहेत. या कार्यांमुळे पाण्यात सुटे फिरणारे जीवाणू एका ठिकाणी स्थिरावतात आणि त्यांचा सलग थर तयार होतो. या थराला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. दातांवरील कीटण, पाण्याच्या टाकीच्या आतील बुळबुळीत थर, रुग्णाच्या मूत्रनलिकेवर साचणारा थर आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील खडीवर वाढणारा थर ही सर्व जैवपटलाचीच रूपे आहेत.

पृष्ठप्रथिनांची पकड स्थानपरत्वे हितकर किंवा अहितकर ठरते. रुग्णाच्या शरीरात बसवलेल्या उपकरणावर किंवा दुभत्या गायीच्या कासेत तीच पकड चिवट संसर्गाचे कारण होते, तर सांडपाण्याच्या टाकीत ती नदीचे रक्षण करते. नागपूर शहराच्या संदर्भात या दोन्ही बाजू पाहता येतात. सांडपाणी शुद्धीकरणावर संशोधन करणारी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था अर्थात नीरी आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ या दोन्ही संस्थांची मुख्यालये याच शहरात आहेत.

जैवपटलाचे स्वरूप

जैवपटलातील जीवाणू स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात रुतलेले असतात. या द्रव्याला आधारद्रव्य म्हणतात. त्यात मोठ्या प्रमाणावर पाणी असून बहुशर्करा, प्रथिने, मेद आणि पेशीबाहेर पडलेला डीएनए हे त्याचे अन्य घटक होत. बहुतेक जैवपटलांच्या कोरड्या वजनात प्रत्यक्ष पेशींचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी असतो. उरलेला भाग आधारद्रव्याचा असतो. घराच्या भिंतीत विटांपेक्षा चुनाच अधिक असावा, तशी ही रचना असते.

अशा वस्तीत राहण्याचे जीवाणूंना अनेक लाभ होतात. पाण्याच्या प्रवाहाने ते वाहून जात नाहीत, थर लवकर कोरडा पडत नाही आणि वाहत्या पाण्यातील अन्नकण अडवून धरता येतात. थराच्या आतल्या भागात प्राणवायू व अन्न कमी पोहोचत असल्याने तेथील पेशींची वाढ मंदावते. बहुतेक प्रतिजैविके वाढत्या पेशींवर अधिक प्रभावी असल्यामुळे या मंद पेशी औषधाच्या माऱ्यातूनही तगून राहू शकतात. एकाच जातीचे जीवाणू सुटे असताना औषधाच्या ज्या मात्रेने मरतात, त्याच्या शेकडो पट मात्राही जैवपटलात अपुरी पडल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

संशोधनाचा इतिहास

डच संशोधक अंतोनी व्हान लेवेनहूक याने १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात दातांवरील कीटणात दिसलेल्या सूक्ष्म जीवांचे वर्णन केले. व्हिनेगरने कीटणाच्या बाहेरील बाजूचे जीव मरतात, पण आतले वाचतात, हेही त्याच्या ध्यानात आले होते. जैवपटलाच्या संरक्षक गुणाची ही फार जुनी नोंद मानता येते.

त्यानंतर दीर्घकाळ सूक्ष्मजीवशास्त्राचे लक्ष परीक्षानळीत सुट्या वाढणाऱ्या जीवाणूंवर केंद्रित राहिले. अमेरिकेतील क्लॉड झोबेल यांनी १९४३ मध्ये समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बाटल्यांचा अभ्यास करून घन पृष्ठभागाचा जीवाणूंच्या वाढीवर होणारा परिणाम मांडला. १९७८ मध्ये विल्यम कॉस्टर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निसर्गातील जीवाणू प्रामुख्याने पृष्ठभागांना चिकटून राहतात, हा विचार सर्वसाधारण वाचकांपर्यंत नेला. पुढील दोन-तीन दशकांत जनुकीय तंत्रांच्या साहाय्याने चिकटण्याचे काम करणारी प्रथिने एकेक करून ओळखण्यात आली.

पृष्ठप्रथिनांची रचना

जीवाणूंच्या पेशीभोवतीच्या वेष्टनाचे दोन मुख्य प्रकार आहेत. त्यानुसार पृष्ठप्रथिने पेशीवर बसवण्याच्या पद्धतीही निरनिराळ्या आहेत.

ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंना जाड पेशीभित्तिका असते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू आपली अनेक पृष्ठप्रथिने या भित्तिकेला रासायनिक बंधाने कायमची जोडतो. हे काम सॉर्टेज नावाचे विकर करते. जोडायच्या प्रथिनाच्या शेवटच्या भागात ल्युसीन, प्रोलीन, कोणतेही एक अमिनो आम्ल, थ्रिओनीन आणि ग्लायसीन अशी खूणक्रमिका असते. सॉर्टेज ही खूण ओळखून थ्रिओनीन व ग्लायसीन यांच्यामधील बंध तोडते आणि प्रथिनाचे मोकळे झालेले टोक भित्तिकेच्या घटकाशी जोडते. अशा प्रथिनाचे बाहेरचे टोक पकड घेते, मधला पुनरावृत्त भाग दांड्यासारखा काम करतो आणि आतले टोक भित्तिकेत रोवलेले असते.

ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंची भित्तिका पातळ असून तिच्याबाहेर आणखी एक पटल असते. त्यांची चिकटणारी प्रथिने या बाह्यपटलात बसवलेली असतात किंवा पिली नावाच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या रूपाने बाहेर डोकावतात. काही प्रथिने पेशीबाहेर स्रवल्यानंतर एकमेकांना जुळून तंतू तयार करतात.

जैवपटल निर्मितीचे टप्पे

पहिला स्पर्श. जीवाणू प्रवाहाबरोबर किंवा कशाभिकेच्या साहाय्याने पृष्ठभागाजवळ येतो. या वेळची ओढ दुर्बळ असते आणि पेशी सहज सुटू शकते. शरीरात बसवलेल्या धातूच्या किंवा प्लास्टिकच्या उपकरणावर रक्तातील फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन यांसारखी प्रथिने अल्पावधीतच साचतात. त्यामुळे जीवाणूची गाठ पुष्कळदा मूळ धातूशी न पडता रुग्णाच्याच प्रथिनांच्या थराशी पडते.

घट्ट पकड. या टप्प्यात पृष्ठप्रथिने निर्णायक ठरतात. कुलपाला जशी किल्ली, तसे विशिष्ट पृष्ठप्रथिन समोरच्या विशिष्ट रेणूला धरते. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची क्लम्पिंग फॅक्टर नावाची प्रथिने फायब्रिनोजेनला धरतात, तर फायब्रोनेक्टिन-बंधक प्रथिने नावाप्रमाणे फायब्रोनेक्टिनला.

परस्परांशी जुळणी. पृष्ठभागाला चिकटलेल्या पेशींची संख्या वाढते आणि त्यांच्यावर दुसरे थर चढू लागतात. वरच्या पेशींचा मूळ पृष्ठभागाशी संबंध नसतो. त्यांना खालच्या पेशींनी धरून ठेवावे लागते. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसचे एएपी आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे एसएएसजी ही प्रथिने या कामी येतात. शेजारशेजारच्या पेशींवरील या प्रथिनांचे दांडे जस्ताच्या अणूंच्या साहाय्याने जोडीजोडीने जुळतात.

आधारद्रव्याची बांधणी. पेशी बहुशर्करा स्रवतात आणि प्रथिने त्या बहुशर्करांना पेशींशी बांधतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूचे सीडीआरए हे प्रथिन पीएसएल नावाच्या बहुशर्करेला धरून आधारद्रव्य बळकट करते.

विलगीकरण. अन्न कमी पडले किंवा परिस्थिती बदलली की काही पेशी थरातून सुटून नव्या जागेच्या शोधात जातात. त्यासाठी जीवाणू स्वतःचीच पृष्ठप्रथिने तोडणारी विकरे वापरतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये हे नियंत्रण पेशींच्या दाटीचा अंदाज घेणाऱ्या गणसंवेदन यंत्रणेकडे असते.

काही महत्त्वाची पृष्ठप्रथिने

एसडीआरजी. हे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसचे प्रथिन फायब्रिनोजेनचे टोक आपल्या खाचेत घेते, त्यावर झाकण घालते आणि शेवटी कडी लावावी तसा आपला एक भाग अडकवते. ही यंत्रणा २००३ मध्ये उलगडली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार ही पकड सोडवण्यास दोन नॅनोन्यूटनपेक्षा अधिक बल लागते. दोन प्रथिनांमधील सामान्य बंधांच्या तुलनेत हे बल फारच मोठे असून ते रासायनिक सहसंयुज बंधाच्या जवळ जाते.

फिमएच. ई. कोलाय जीवाणूच्या पिलीच्या टोकावरील हे प्रथिन मूत्राशयाच्या पेशींवरील मॅनोज शर्करेला धरते. प्रवाहाचा ताण वाढला की ही पकड सैल न होता अधिक घट्ट होते. मूत्राच्या प्रवाहाने हे जीवाणू सहज धुऊन का निघत नाहीत, याचा उलगडा या गुणधर्मामुळे होतो.

कर्ली. ई. कोलाय व साल्मोनेला या जीवाणूंच्या पृष्ठभागावरील हे कुरळे तंतू १९८९ मध्ये प्रथम वर्णिले गेले. सीएसजीए या प्रथिनाचे रेणू एकमेकांना जुळून ते तयार होतात आणि सीएसजीबी हे प्रथिन त्या जुळणीला आरंभ करून देते. २००२ मध्ये हे तंतू अमायलॉइड प्रकारचे असल्याचे दाखवण्यात आले. मानवी शरीरात अमायलॉइड तंतूंचा संबंध अल्झायमरसारख्या विकारांशी जोडला जातो. जीवाणू मात्र तीच रचना बांधकामासाठी हेतुपूर्वक वापरतात.

लॅपए. मातीत व पाण्यात आढळणाऱ्या स्यूडोमोनास फ्लुओरेसन्सचे हे प्रथिन पाच हजारांहून अधिक अमिनो आम्लांचे बनलेले आहे. पेशीत चक्रीय डाय-जीएमपी हा संदेशरेणू भरपूर असेपर्यंत लॅपए पेशीच्या पृष्ठभागावर टिकून राहते. फॉस्फेटची टंचाई झाली की संदेशरेणूचे प्रमाण घटते, लॅपजी हे विकर मोकळे होऊन लॅपएला कापते आणि पेशी थरातून सुटते. चिकटून राहायचे की निघून जायचे, हा जीवाणूचा निर्णय अशा रीतीने एका प्रथिनावरील एका छेदापर्यंत येऊन ठेपतो.

पटकीच्या जीवाणूची प्रथिने. व्हिब्रिओ कॉलरी या जीवाणूच्या जैवपटलात आरबीएमए हे प्रथिन पेशींना एकमेकींशी जोडते, बीएपी१ थराला पृष्ठभागाशी जखडते, तर आरबीएमसी व बीएपी१ मिळून पेशींच्या पुंजक्यांभोवती वेष्टन तयार करतात. ही कामाची वाटणी २०१२ मध्ये प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आली. हाच जीवाणू जीबीपीए या प्रथिनाच्या साहाय्याने पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या कायटिनयुक्त कवचालाही चिकटतो. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या कापडाच्या अनेक घड्या करून पाणी गाळल्यास पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ मधील अभ्यासात आढळले. सुटा जीवाणू कापडातून आरपार जातो, परंतु ज्या प्राण्यांना तो चिकटलेला असतो, ते कापडावर अडकतात. वस्त्रगाळ पाण्याच्या जुन्या रिवाजाला यामुळे एक शास्त्रीय आधार मिळतो. मात्र अशा गाळण्याने पाणी निर्जंतुक होत नाही.

कासदाह आणि बीएपी प्रथिन

दुभत्या जनावरांच्या कासेला होणाऱ्या संसर्गाला कासदाह किंवा स्तनदाह म्हणतात. कास दगडासारखी कडक होत असल्यामुळे ग्रामीण भागात त्याला दगडी असेही नाव आहे. जैवपटलाशी निगडित प्रथिन या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून बीएपी म्हटले जाणारे प्रथिन याच रोगाच्या अभ्यासातून सापडले. स्पेनमधील संशोधकांनी २००१ मध्ये कासदाह झालेल्या जनावरापासून मिळवलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये त्याचे वर्णन केले. ते २,२७६ अमिनो आम्लांचे असून पृष्ठभागाला चिकटणे आणि पेशींना एकत्र आणणे ही दोन्ही कामे करते. ते फार थोड्या वाणांत आढळते. परंतु त्याच्याशी साम्य असणारी प्रथिने पुढे एंटेरोकॉकस, साल्मोनेला, ॲसिनेटोबॅक्टर इत्यादी अनेक जीवाणूंत सापडल्यामुळे त्याचे महत्त्व वाढले.

बीएपीच्या कार्यावर परिसराचा प्रभाव पडतो. आम्लता वाढली आणि कॅल्शियम कमी असले तर त्याचे तुकडे जुळून अमायलॉइड तंतू तयार होतात. कॅल्शियम पुरेसे असल्यास ही जुळणी होत नाही. एकच प्रथिन धारण करणारा जीवाणू एका ठिकाणी थर बांधतो आणि दुसऱ्या ठिकाणी सुटा राहतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

विदर्भात कोरडवाहू शेतीला दुधाचा जोडधंदा हा मोठा आधार असल्याने कासदाहाचा फटका थेट शेतकऱ्याच्या मिळकतीला बसतो. सुप्त कासदाहात बाह्य लक्षण दिसत नाही. केवळ दूध कमी होते. जैवपटलाच्या आश्रयाने जीवाणू कासेत टिकून राहिल्यास औषधोपचारानंतरही आजार उलटतो. नागपूर येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० मध्ये स्थापन झाले असून राज्यातील पशुवैद्यकीय शिक्षण व संशोधन त्याच्या कक्षेत येते. कासदाहाच्या प्रतिबंधासाठी पशुवैद्यकशास्त्र स्वच्छ गोठा, दूध काढल्यानंतर सड जंतुनाशक द्रावणात बुडवणे, दूधयंत्राच्या नळ्यांची नियमित स्वच्छता आणि सुप्त आजाराची वेळोवेळी तपासणी यांवर भर देते. जीवाणूची पकड घट्ट होण्यापूर्वीच त्याला दूर करणे, हे या सर्व उपायांमागील समान सूत्र आहे.

सांडपाणी शुद्धीकरण आणि नागपूर

नीरीची स्थापना १९५८ मध्ये नागपूर येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था या नावाने झाली. पाणीपुरवठा, सांडपाण्याची विल्हेवाट आणि त्यांच्याशी निगडित रोग हे तिचे आरंभीचे विषय होते. १९७४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले.

सांडपाण्याचे जैविक शुद्धीकरण जीवाणूंच्या एकत्र येण्यावर अवलंबून असते. खडीच्या गाळणीत जीवाणू दगडांवर जैवपटल करून राहतात आणि वरून झिरपणाऱ्या पाण्यातील सेंद्रिय घाण खातात. सक्रिय गाळ पद्धतीत ते हवा खेळवलेल्या टाकीत पुंजके करून तरंगतात. हे पुंजके म्हणजे आधाराविना वाढलेले जैवपटलच होत. घाण खाऊन झाल्यावर पुंजके जड होऊन तळाशी बसतात आणि वरचे निवळ पाणी बाहेर काढता येते. जीवाणूंनी घाण खाल्ली, पण ते एकमेकांना चिकटले नाहीत, तर पाणी गढूळच राहते. तंतुमय जीवाणू बेसुमार वाढले की गाळ फुगतो, तळाशी बसत नाही आणि सारी प्रक्रिया बिघडते.

या पुंजक्यांतही पृष्ठप्रथिनांचा मोठा सहभाग असतो. सक्रिय गाळासह विविध नैसर्गिक जैवपटलांत अमायलॉइड प्रकारची चिकट प्रथिने विपुल असल्याचे डेन्मार्कमधील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. नीरीमध्ये हेमंत पुरोहित व त्यांच्या सहकाऱ्यांनी सक्रिय गाळातील जीवाणूसमूहांचा जनुकीय पद्धतींनी अभ्यास केला आहे. नीरीने विकसित केलेल्या फायटोरिड या पद्धतीत खडीच्या थरात पाणवनस्पती लावून त्यातून सांडपाणी सोडले जाते; खडीवर व मुळांवर वाढणारे जैवपटल तेथे शुद्धीकरणाचे मोठे काम करते.

नागपूर शहरातून वाहणारी नाग नदी पुढे कन्हान नदीला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. त्यामुळे शहरातील सांडपाण्यावर किती प्रक्रिया होते, यावर खालच्या गावांतील शेतकऱ्यांच्या व मच्छीमारांच्या पाण्याची गुणवत्ता अवलंबून असते. शहराच्या पूर्वेकडील भांडेवाडी येथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असून तेथील प्रक्रिया केलेले पाणी कोराडी येथील औष्णिक वीज केंद्रासाठी वापरले जाते. त्यामुळे पेंच प्रकल्पाच्या पाण्यावरील ताण हलका होण्यास मदत होते.

या पुनर्वापरात जैवपटलाची दुसरी बाजूही पुढे येते. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात फॉस्फेट व नायट्रोजनयुक्त क्षार काही प्रमाणात शिल्लक राहतात. असे पाणी शीतकरणासाठी वापरल्यास नळ्यांच्या आत जैवपटल वाढण्याची शक्यता असते. या थरातून उष्णता नीट वाहत नाही व धातूही गंजतो, म्हणून जंतुनाशकांचा व यांत्रिक स्वच्छतेचा वापर करावा लागतो. शुद्धीकरण केंद्रात जी वाढ जोपासायची, तीच वीज केंद्राच्या नळीत रोखायची, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

वैद्यकीय महत्त्व

मूत्रनलिका, शिरेतील नळ्या, कृत्रिम सांधे, हृदयाच्या कृत्रिम झडपा आणि श्वासनलिकेतील नळ्या यांवर जैवपटल तयार होऊ शकते. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा निरोगी माणसाच्या त्वचेवरील नित्याचा रहिवासी असून तेथे तो सहसा अपाय करत नाही; परंतु शस्त्रक्रियेच्या वेळी तो कृत्रिम सांध्यापर्यंत पोहोचल्यास दीर्घकाळ टिकणारा संसर्ग होऊ शकतो. अशा वेळी औषध चालू असेपर्यंत ताप उतरतो आणि औषध थांबवताच पुन्हा येतो. पुष्कळदा उपकरण काढून टाकण्यावाचून पर्याय राहत नाही.

अशा रुग्णांत प्रतिजैविकांचा वारंवार वापर करावा लागल्याने औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंची निवड होण्याचा धोका वाढतो. जैवपटलात पेशी दाटीने राहत असल्यामुळे प्रतिरोधाची जनुके एकीकडून दुसरीकडे जाण्यासही वाव मिळतो.

प्रतिबंध व उपचारांच्या दिशा

जीवाणूला न मारता केवळ त्याची पकड सोडवावी, या कल्पनेवर बरेच संशोधन सुरू आहे. फिमएचच्या खाचेत बसणारे मॅनोजसदृश रेणू, सॉर्टेजला अडवणारी संयुगे आणि पृष्ठप्रथिने तोडणारी विकरे हे त्यातील प्रमुख मार्ग होत. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस स्रवत असलेले ईएसपी हे विकर स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या जैवपटलाला अटकाव करते, असे जपानमधील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. एका जीवाणूची पकड दुसरा जीवाणूच सोडवतो, असे हे उदाहरण आहे.

या मार्गातील मुख्य अडचण म्हणजे जीवाणूकडे एकाच कामासाठी अनेक प्रथिने असतात. एक निकामी केले तरी दुसरे त्याची जागा घेते. क्लम्पिंग फॅक्टर ए या पृष्ठप्रथिनासह चार घटक असलेल्या लशीची मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील चाचणी परिणामकारकता न दिसल्याने २०१८ मध्ये थांबवण्यात आली. त्यामुळे हातांची स्वच्छता, नळ्या निर्जंतुक पद्धतीने बसवणे आणि गरज संपताच त्या काढून टाकणे हे साधे उपाय आजही सर्वांत भरवशाचे ठरतात. दातांवरील थराबाबतही तेच सत्य आहे. कीटण कडक होण्यापूर्वी घासून काढलेला मऊ थर हा जैवपटलावरील सर्वांत सोपा व स्वस्त उपचार होय.